पुडीतला जीव कोणत्या खाणीतला?

मृग निघाला की परभणी-हिंगोलीकडे सोयाबीनच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवलेल्या दोन पुड्या चोळतात, एक पिकाला नत्र मिळवून देणाऱ्या रायझोबियमची, दुसरी मुळांचे रोग आवरणाऱ्या ट्रायकोडर्माची. बोलताना दोन्ही ‘जिवाणू’च. खरं तर पहिला जिवाणू, दुसरी बुरशी. आजच्या वर्गीकरणात ही बुरशी त्या जिवाणूपेक्षा औताच्या बैलाला जास्त जवळची आहे.

आपली जुनी वाटणी कीर्तनातून कानावर पडलेली असते: जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज. चार खाणी, आणि कसोटी एकच, जन्म कसा झाला. गाय वारेतून, कोंबडी अंड्यातून, ज्वारी भुई फोडून. मला ही कसोटी आजही सरळ वाटते. घोटाळा होता तो स्वेदजापाशी. ऊ म्हणे घामातून निपजते! तिकडे युरोपातही सडक्या मांसातून अळ्या आपोआप होतात असंच मानत. 1668 साली इटलीत फ्रान्सिस्को रेडीने बरण्यांत मांस ठेवलं, काहींच्या तोंडाला जाळीचं कापड बांधलं. माशी बसू शकली नाही त्या मांसात अळ्या झाल्या नाहीत. ऊसुद्धा लिखेतूनच येते. फणी घेऊन नातीचं डोकं बघणाऱ्या आजीला हे सांगायला रेडी लागला नसता.

स्वीडनच्या लिनियसने 1735 मध्ये सजीवांच्या दोनच सृष्टी केल्या, वनस्पती आणि प्राणी. बुरशी जागची हलत नाही, म्हणून गेली वनस्पतींत. दोन शब्दांचं शास्त्रीय नावही त्यानेच रुळवलं. पण रूपावरून नाव ठेवायची खोड शास्त्रज्ञांनाही होतीच. आपल्या हरभऱ्यात शिरणाऱ्या रोह्याच्या, म्हणजे नीलगाईच्या, शास्त्रीय नावात बैल, हरीण, बोकड आणि उंट असे चौघं कोंबलेले आहेत.

सूक्ष्मदर्शकाने दोन सृष्टींची अडचण केली. 1866 मध्ये जर्मनीच्या हेकेलने सूक्ष्मजीवांसाठी तिसरी सृष्टी काढली. बुरशीला मात्र स्वतंत्र घर द्यायला 1969 साली अमेरिकेचा व्हिटेकर यावा लागला. त्याने पोट कसं भरतं हेही पाहिलं. बुरशी हिरव्या पानासारखं अन्न तयार करत नाही. पाचकरस बाहेर सोडते आणि विरघळलेलं शोषून घेते. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, तेच खेकड्याच्या कवचात. मोनेरा (म्हणजे जिवाणू), प्रोटिस्टा (बहुतेक एकपेशीय जीव), कवके (म्हणजे बुरशा), वनस्पती, प्राणी ही आठवीच्या पुस्तकातली पंचसृष्टी त्याचीच. पुढे अमेरिकेच्याच कार्ल वूजने पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून 1977 मध्ये मोनेरातून आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळे सूक्ष्मजीव, बाजूला काढले आणि 1990 मध्ये सगळ्यांचे तीन अधिक्षेत्रांत, म्हणजे सृष्टीहूनही मोठ्या वर्गांत, गट पाडले. बैल, सोयाबीन आणि ट्रायकोडर्मा एकात, रायझोबियम दुसऱ्यात.

सजीवाची लक्षणं म्हणून वाढ, हालचाल, श्वसन, प्रजनन पाठ करून घेतात. पोत्यातल्या दाण्यात यातलं काही डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि आठवड्याने मोड मोजायचे. सत्तर आले की बियाणं चाललं. पुडीतल्या भुकटीची अशी परीक्षा घरी होत नाही. तिच्यासाठी एवढंच पाळायचं, की चोळलेलं बी सावलीत सुकवायचं. उन्हात टाकलं तर दाणा तगेल, त्यावरचा जिवाणू मरेल.