कार्बनची सायकल आणि पंचेचाळीस अंशांचा कोन

जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष बघायला निघालेली ‘टायटन’ ही छोटी पाणबुडी अटलांटिकमध्ये चिरडली गेली आणि आतली पाचही माणसं दगावली. तिच्या सांगाड्याचा मधला भाग कार्बन फायबरचा होता. तेव्हापासून पुण्यात कार्बनच्या सायकलीचा विषय काढला की समोरचा हमखास म्हणतो, “त्या पाणबुडीचंच मटेरियल ना? मग आपल्या खड्ड्यांत काय टिकणार, डोंबल!” सध्या माझ्या कोथरूडच्या घरात चीनमधल्या शियामेनहून मागवलेली माउंटन बाइकची कार्बन फ्रेम सोफ्यावर ठाण मांडून बसली आहे, त्यामुळे येणारा-जाणारा हा प्रश्न विचारतोच.

प्रश्न वेडगळ नाही, अर्धवट आहे. आपल्या तेजस विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के कार्बन फायबरसारखी संमिश्र द्रव्यं (धागे आणि राळ मिळून बनलेली) आहेत, आणि त्यात वैमानिक बसतातच. कार्बन मजबूत की ठिसूळ, असं विचारून भागत नाही. कोणत्या दिशेला, हेही विचारावं लागतं. पोलादाला तो प्रश्न लागू नाही. पोलाद सगळीकडून सारखंच असतं.

कार्बनचा धागा बहुतेक वेळा पॉलिअॅक्रिलोनायट्राइलपासून बनतो. हे आपल्या अॅक्रेलिक स्वेटरच्या लोकरीचंच खानदान. आधी हा धागा हवेत दोन-तीनशे अंशांवर भाजतात, मग प्राणवायू वगळून हजार अंशांच्या वर तापवतात. बाकीचे अणू निघून जातात आणि कार्बनचे पापुद्रे धाग्याच्या लांबीला धरून रांगेत बसतात. उरतो तो पाच ते सात मायक्रॉन जाडीचा काळा तंतू, केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याचा. टोरे या जपानी कंपनीचा टी-७०० हा धागा ४,९०० मेगापास्कल ताण सोसतो. म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदाच्या जुडीला हिशोबाने पाचशे किलो टांगता येतील.

फ्रेम विकणारे हा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. कुणी टी-८०० म्हणतो, कुणी टी-१०००, जणू पुढचा आकडा म्हणजे पुढचा अवतार. हा आकडा सुट्या धाग्याचा असतो, फ्रेमचा नव्हे. तसंच ते ‘थ्री-के’चं चौकडीचं विणकाम. थ्री-के म्हणजे एका जुडीत तीन हजार तंतू, इतकंच. वरून दिसणारी ती नक्षी बहुतेकदा शोभेचा शेवटचा थर असते. खरं काम खालचे एकाच दिशेच्या धाग्यांचे थर करतात, आणि ते रंगाखाली झाकलेले असतात.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. थोडे आकडे आहेत, सोसून घ्या.

धागे एकाच दिशेला लावून इपॉक्सी राळेत (तापवल्यावर कडक होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेली पट्टी घ्या. धाग्यांच्या दिशेला तिचा ताठपणा, म्हणजे ताणाला न लांबण्याचा गुण, साधारण १३५ गिगापास्कल. त्याच पट्टीला आडवं ओढलं तर जेमतेम ९, कारण तिथे भार पेलायला धागा नाही, नुसती राळ आहे. गंमत मधल्या कोनांत आहे. ओढायची दिशा धाग्यापासून फक्त १० अंश ढळली की ताठपणा १३५ वरून ७८ च्या आसपास घसरतो. दहा अंशांत चाळीस टक्के गायब! ४५ अंशांवर उरतात तेरापेक्षाही कमी. शिंप्याला हे पुस्तकाशिवाय माहीत असतं. सुती कापड धाग्यात सरळ ओढलं तर ताणलं जात नाही, उरेब, म्हणजे तिरकं, ओढलं की लोंबतं.

मग फ्रेममध्ये बरेचसे थर मुद्दाम ४५ अंशांत का घालतात? कारण पीळ.

एक लांब खडू घ्या, दोन्ही टोकं धरून पिळा. तो आडवा कापल्यासारखा तुटत नाही; तुटल्या जागी गोल फिरत गेलेली तिरपी कड दिसते, खडूच्या लांबीशी साधारण ४५ अंश करणारी. का? नळीवर पेनाने एक छोटा चौरस काढलाय असं समजा. नळी पिळली की त्याचा समभुज चौकोन होतो: एक कर्ण लांबतो, दुसरा आखूड होतो. म्हणजे पीळ ही स्वतंत्र शक्ती वाटली तरी आत ती दोनच गोष्टी करते, एका तिरप्या दिशेने ताणते आणि तिला काटकोनात असलेल्या तिरप्या दिशेने दाबते. खडू ताणाला कच्चा, म्हणून ताणाच्या रेषेला काटकोनात फाटतो. आता त्या दोन कर्णांवरच कार्बनचे धागे ठेवले तर? पिळाचं रूपांतर धाग्याच्या लांबीतल्या ताण-दाबात होतं, आणि त्यात तर धागा पटाईत. सरळ धाग्यांच्या पट्टीचा पिळाविरुद्धचा ताठपणा सुमारे ५ गिगापास्कल असतो. तेच धागे अधिक ४५ आणि उणे ४५ अंशांत टाकले की तो ३५ च्या घरात जातो. धागा तोच, राळ तीच, वजन तेवढंच. नुसता कोन बदलला आणि सातपट! पोलादाचा हाच आकडा ८० आहे, पण पोलाद जवळजवळ पाचपट जड. वजनाच्या हिशोबाने कार्बन दुप्पट पुढे.

वेताळ टेकडीच्या चढावर उभं राहून पायडल मारताना फ्रेमची खालची तिरपी नळी हाच पीळ खाते. उजवा पाय दाबला की एकीकडे, डावा दाबला की उलट. म्हणून तिरपे थर दोन्ही बाजूंचे आणि जोडीने लागतात. वाकण्यासाठी लांबीत सरळ थर, नळी चेपू नये म्हणून काही आडवे. हँडलपाशी, पायडलच्या सांध्यापाशी थर वाढवायचे, वरच्या दांडीच्या मध्यावर कमी करायचे. अशा शेकडो तुकड्यांची कापणी होते, ते हाताने एकावर एक बसवतात आणि मग साच्यात आतून फुग्याने दाबून तापवतात. आयएसओ ४२१० या सायकलींच्या आंतरराष्ट्रीय मानकात माउंटन बाइकच्या फ्रेमला पायडलवर १,२०० न्यूटनचे एक लाख फेरे सोसावे लागतात. फ्रेम मागवताना मी धाग्याचा नंबर विचारला नाही, या चाचणीचा अहवाल मागितला.

हाताने थर बसवताना कुठे चुणी पडली तर? धागा तिथे दहा-पंधरा अंश वाकडा झाला, आणि दहा अंश म्हणजे काय ते वर पाहिलंच. दाबाखाली ही चुणी जास्त घातक, कारण दाबल्यावर धागा बाजूला वाकून निसटू पाहतो. एरवीसुद्धा कार्बनच्या पट्टीची दाब सोसायची ताकद ताणाच्या साठेक टक्केच असते. टायटनच्या सांगाड्याच्या तपासात थरांमध्ये चुण्या आणि पोकळ्या सापडल्या होत्या, आणि समुद्राच्या तळाशी तर सगळीकडून दाबच दाब. म्हणून फ्रेम खोक्यातून काढल्यावर पहिलं काम: पायडलच्या सांध्याच्या भोकातून टॉर्च घालून आत बघायचं. माझ्या फ्रेममध्ये त्या सांध्याजवळ फुग्याचा एक चिकटलेला तुकडा दिसला, तो निरुपद्रवी. नळ्यांचा आतला पृष्ठभाग जिथवर दिसला तिथवर सपाट होता.

कस्टम्सबद्दल लिहायचं तर वेगळा लेख आणि वेगळा मूड लागेल. पुढे जाऊ.

जोडणीत बाकी सगळं मापाचं काम. मागचा हब (चाकाचा मधला भाग) १४८ मिमी, अॅक्सल (चाकाचा आस) १२ मिमी, पायडलच्या सांध्याचं भोक ४१ मिमी. सीटचा दांडा ३०.९ मिमी की ३१.६, हे कॅलिपर लावूनच बघावं. फरक फक्त ०.७ मिमीचा असतो, आणि तो आवळून भरून काढू म्हणणारे भेटतात.

आवळणं ही आपल्याकडची जुनी सवय. पेठेतला माझा मेकॅनिक, हात अत्यंत सराईत, सीटची क्लॅम्प लावताना म्हणाला, “साहेब, अजून अर्धा फेरा देतो, आयुष्यात हलायची नाही.” मी त्याच्या हातात टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) दिला. पाच मिलिमीटरचा बोल्ट पाच न्यूटन-मीटरने आवळला की त्यात सुमारे पाच हजार न्यूटनचा ताण येतो, म्हणजे पाचशे किलो. स्टेमच्या, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या, चार बोल्टांचे मिळून दोन टन. साध्या एलन कीवर दहा-बारा किलोचा जोर दिला की हा आकडा दुप्पट होतो, हाताला कळतही नाही. आणि क्लॅम्प दाबते नळीच्या बाहेरून आत, जिथे रोखायला मोजकेच आडवे धागे असतात. त्यासाठी कार्बन पेस्ट मिळते. तिच्यातल्या बारीक कणांमुळे घर्षण वाढतं आणि कमी आवळूनही दांडा घसरत नाही.

याच कारणासाठी सोसायटीतल्या मंडळींना मी नारळ वाढवायला मनाई केली. म्हणजे नारळ वाढवा, खोबरं मलाही द्या, पण फ्रेमवर नको. दीड मिलिमीटर जाड भिंतीच्या पोकळ दांडीला एका जागी बसलेला फटका थरांना थरांपासून सोडवतो. त्यांच्यामध्ये फक्त राळ असते, उभा धागा एकही नसतो. हँडलला लिंबू-मिरची बांधायला एक काकू आग्रह करत होत्या. टेकडीवर पुढच्या चाकाखालून उडणारा बेसॉल्टचा धोंडा लिंबाला जुमानत नाही. मी खालच्या नळीवर रबराची जाड पट्टी चिकटवली.

आपल्या पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. कार्बन विजेचा वाहक आहे. त्याला अॅल्युमिनियम टेकलं आणि मध्ये घाम-पाणी आलं की छोटा विद्युतघट तयार होतो, आणि त्यात झिजतं अॅल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे सीटचा दांडा आत कायमचा फसतो. चांगले कारखाने मध्ये काचतंतूचा पातळ थर देतात. तरी दांडा श्रावणात एकदा आणि गणपतीत एकदा बाहेर काढून पुसावाच.

रंग बदलायचा झाला तर भोसरीत नेऊन पावडर कोटिंग करून घेऊ नका. ती भट्टी १८०-२०० अंशांची असते, राळ त्याच्या आधीच मऊ पडते.

आणि आपटली तर? अॅल्युमिनियमला पोचा पडतो, दिसतो. कार्बन वरून साजरा दिसून आतून थर सोडू शकतो. नाण्याने नळीभर टकटक करत जावं. जिथे खणखणीत आवाज एकदम बद्द होतो तिथे शंका घ्यावी आणि चालवणं थांबवावं. दुरुस्ती होते, चांगली होते. खराब भाग तिरपा घासून, मूळ थरांच्याच कोनांत नवे थर बसवावे लागतात. त्यामुळे कारागिराला आधी भाव विचारू नये, पट्ट्या कोणत्या कोनात टाकणार ते विचारावं. “चार थर कापड मारून देतो, डबल मजबूत” असं उत्तर आलं, तर चहा घेऊन फ्रेम उचलून परत यावं.