लिनक्स भाड्याचं की वाटणीचं? डब्ल्यूएसएल आणि ड्युअल बूट

‘माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे’ असं सांगणारी पोरं कोल्हापुरात इंजिनिअरिंग, बीसीए, पॉलिटेक्निक, कुठल्याही वर्गात भेटतात. पण सगळ्यांचं लिनक्स एक नसतं. एकानं विंडोजच्या आतच डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय, टाकलेलं असतं, तर दुसऱ्यानं डिस्कची वाटणी करून विंडोजशेजारी उबुंटू हे लिनक्स बसवलेलं असतं. लॅपटॉप सुरू करताना दोन्हींतलं एक निवडायचं, याला ड्युअल बूट म्हणतात. दोघांच्या स्क्रीनवर टर्मिनल तेच, कमांड त्याच, जीसीसी कंपायलरही तोच. त्यामुळं प्रॅक्टिकलला एकाचं चाललं आणि दुसऱ्याचं अडलं की ‘भावा, लिनक्सच असलंय’ म्हणून खापर भलतीकडंच फुटतं.

आपलं कुठलं ते ओळखायचं असेल तर टर्मिनलमध्ये ‘यूनेम -आर’ (uname -r) ही कमांड द्या. उत्तरात मायक्रोसॉफ्टचं नाव आलं तर तुम्ही विंडोजच्या आत आहात.

म्हणून ते लिनक्स खोटं, असं मात्र नाही. २०१६ मध्ये पहिलं डब्ल्यूएसएल आलं, त्यात लिनक्सचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा सिस्टिमचा गाभा, नव्हताच. लिनक्स प्रोग्रॅमनं काही मागितलं की विंडोज ती मागणी आपल्या पद्धतीनं भागवायचं. २०२० पासून सगळ्यांना मिळालेलं डब्ल्यूएसएल २ वेगळं आहे. लिनस टॉरवाल्ड्सनं १९९१ मध्ये सुरू केलेला तोच कर्नल त्यात चालतो, फक्त मायक्रोसॉफ्टनं स्वतः बिल्ड केलेला आणि एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या कॉम्प्युटरमध्ये, ठेवलेला. खरा फरक आहे तो हार्डवेअर कुणाच्या ताब्यात आहे याचा. डब्ल्यूएसएल म्हणजे भाडेकरू: चूल त्याची स्वतःची, पण लाइटचा मीटर, पाण्याची मोटर आणि रस्त्याकडचं दार मालकाचं. ड्युअल बूट म्हणजे भावाभावांतली वाटणी. तिथं उबुंटू सुरू असताना अख्खं मशीन त्याचं असतं आणि विंडोज झोपलेलं असतं.

एवढं डोक्यात बसलं की बहुतेक अडचणींचा उलगडा आपोआप होतो. रॅम घ्या. डब्ल्यूएसएल २ न सांगता मशीनच्या निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ४ जीबी तिकडं गेले, उरलेल्या ४ मध्ये विंडोज, ब्राउझर आणि व्हीएस कोड. मग पंखा ओरडायला लागतो. ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ (.wslconfig) या फाइलमध्ये मर्यादा घालता येते, पण दोन ऑपरेटिंग सिस्टिम एकाच वेळी चालतायत हे काही बदलत नाही. ड्युअल बूटमध्ये एका वेळी एकच चालते, म्हणून कमी रॅमवर तेच हलकं वाटतं.

फाइलींची गोष्ट याहून जास्त छळते. डब्ल्यूएसएलमधून विंडोजची सी ड्राइव्ह दिसते, म्हणून पोरं डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्येच प्रोजेक्ट ठेवतात. प्रत्येक फाइल वाचताना मग दोन सिस्टिममधली सीमा ओलांडावी लागते. हजारो बारीक फाइलींचा नोडचा (जावास्क्रिप्टचा) प्रोजेक्ट असेल तर त्याची पॅकेजं उतरवणारी एनपीएम इन्स्टॉल ही कमांड देऊन चहा पिऊन यावं. तोच प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवला की वेग कुठल्या कुठं जातो. डब्ल्यूएसएल स्लो आहे म्हणणाऱ्यांनी आधी आपला कोड कुठं पडलाय ते बघावं. आणि विंडोजच्या एडिटरमध्ये लिहिलेली शेल स्क्रिप्ट ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून अडली, तर ओळीच्या शेवटी विंडोजनं जास्तीचं एक अक्षर ठेवलंय. व्हीएस कोडमध्ये खाली उजवीकडं सीआरएलएफ दिसतं, ते एलएफ करा.

सिलॅबसच्या बाजूनं बघितलं तर फोर्क, पाइप, सेमाफोर, शेल स्क्रिप्ट, सॉकेट, पायथन, गिट हे सगळं डब्ल्यूएसएलवर बिनघोर चालतं. गाडी अडते ती कर्नल मॉड्यूलपाशी, म्हणजे कर्नलला जोडायच्या कोडपाशी. इंटरनेटवरची कृती सांगते, चालू कर्नलचे हेडर (त्यासाठी लागणाऱ्या फाइली) एपीटी या उबुंटूच्या इन्स्टॉलरनं घ्या. उबुंटूच्या भांडारात मायक्रोसॉफ्टच्या कर्नलचे हेडर नसतात, तेव्हा ती कमांड रिकाम्या हातानं परत येते. कर्नलचा सोर्स आणून बिल्ड करता येतो, पण सबमिशनच्या आदल्या रात्री ते कोण करतंय! आर्डुइनो या यूएसबीनं जोडायच्या सर्किट बोर्डाचंही तसंच. यूएसबी विंडोजच्या ताब्यात, त्यामुळं बोर्ड लिनक्सच्या आत न्यायला यूएसबीआयपीडी नावाचं वेगळं साधन लागतं.

मग सरळ ड्युअल बूटच का करू नये? कारण वाटणीत भांडणं असतात. पहिलं भांडण घड्याळाचं: लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक समजतं. उबुंटू वापरून विंडोजमध्ये आलात की वेळ साडेपाच तास मागं दिसते. उबुंटूमधल्या ‘टाइमडेटसीटीएल’ (timedatectl) या कमांडनं ते एका ओळीत मिटतं. दुसरं, विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू व्हायची सोय) चालू असेल तर शटडाउन पूर्ण होतच नाही आणि उबुंटूला त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. हे दोन्ही किरकोळ.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन, किरकोळ नाही. नव्या लॅपटॉपवर डिस्क बऱ्याचदा आधीच एन्क्रिप्ट केलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बूटची मांडणी बदलली की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे का, हे पार्टिशनला (डिस्कच्या वाटणीला) हात लावायच्या आधी बघायचं, नंतर नाही. डेटाची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर काढायची. बॅटरी पूर्ण चार्ज पाहिजे, चार्जर लावलेला पाहिजे; पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि पार्टिशन लहान होत असताना मशीन बंद पडलं तर विषय गंभीर होतो.

काढतानाही फरक आहे. डब्ल्यूएसएलमधलं उबुंटू एका कमांडनं जातं, आतल्या फाइलींसकट, तेव्हा कोड गिटवर चढवलाय ना ते बघा. ड्युअल बूटवाले मात्र विंडोजमधून लिनक्सचं पार्टिशन उडवतात आणि सुरुवातीला कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणारा ग्रब बूटलोडर तसाच राहतो. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप काळ्या स्क्रीनवर अडकतो आणि राजारामपुरीतल्या दुकानाची पायरी चढावी लागते. खरं तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन बूटच्या क्रमात विंडोज वर घेतलं की काम भागतं.

माझं मत विचाराल तर १६ जीबी रॅम आणि एकच लॅपटॉप असेल तर दुसऱ्या वर्षापर्यंत डब्ल्यूएसएल पुरे. कर्नल, ड्रायव्हर, एम्बेडेड यांत खरंच रस वाटला तर सुट्टीत सवडीनं ड्युअल बूट करा. परीक्षा तोंडावर असताना डिस्कला हात लावायचा नाही. कॅम्पस प्लेसमेंटच्या बऱ्याच ऑनलाइन टेस्ट विंडोजच मागतात, त्यामुळं विंडोज पूर्ण पुसायची घाईही नको.

दादाचा किंवा ताईचा जुना लॅपटॉप घरात पडून असेल तर या दोन्हींची गरज नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बऱ्याच जुन्या मशीनना विंडोज ११ चालत नाही. तिथं लिनक्स मिंट हे उबुंटूसारखंच लिनक्स एकटंच टाका. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा, त्यात डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय लागलं, आवाज आला, टचपॅड चाललं, की मग इन्स्टॉलचं बटण दाबा.