कीवर्ड टॅगमुळे ग्राहक मिळतात का?

वेबसाइट तयार करण्याचा छोटा व्यवसाय करणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरत आहे: आपल्या पानाच्या कोडमधील कीवर्ड टॅगमध्ये (शोधशब्द नोंदवण्याची, वाचकाला न दिसणारी जागा) 'सोलापूर वेब डिझाइन' असे शब्द भरपूर भरले की शोधात आपण वर येतो आणि ग्राहक आपोआप येतात.

हा समज निराधार जन्मलेला नाही. १९९० च्या दशकात काही शोधयंत्रे (सर्च इंजिन) हा टॅग खरोखर वाचत असत. मात्र असंबद्ध शब्द भरण्याचे प्रकार इतके वाढले की त्याची विश्वासार्हता संपली, आणि जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या शोधयंत्राने, म्हणजे गूगलने, २००९ मध्येच क्रमवारीसाठी तो विचारात घेत नसल्याचे जाहीर केले.

पडताळणी घरबसल्या करता येते. कोणत्याही भाषेत नसलेला एक शब्द तयार करून तो फक्त त्या टॅगमध्ये लिहावा, पान शोधयंत्राने पुन्हा वाचेपर्यंत काही आठवडे थांबावे आणि मग तो शब्द शोधावा. आपले पान सापडणार नाही. तोच शब्द दिसणाऱ्या मजकुरात लिहिल्यास बहुधा सापडेल. (तपासताना ब्राउझरची खाजगी (इन्कॉग्निटो) विंडो वापरावी, कारण पूर्वीच्या भेटींमुळे आपलेच पान आपल्याला वर दिसू शकते.)

म्हणून मेहनत दिसणाऱ्या मजकुरावर घ्यावी. सोलापुरातील अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील टॉवेल उत्पादकाला परगावच्या घाऊक खरेदीदारासाठी माप, वजन आणि किमान मागणी दाखवणारे पान हवे असते. असे एक काम नीट करून, मालकाच्या परवानगीने ते शेजारच्या कारखानदाराला प्रत्यक्ष दाखवणे मला अधिक भरवशाचे वाटते.