फायटर मासा आणि चार काचांची हद्द

शोभेच्या माशांच्या दुकानात फळीवर ओळीने मांडलेल्या छोट्या बरण्या तुम्ही पाहिल्या असतील. प्रत्येकीत एकच फायटर, आणि दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. पुठ्ठा काढला की दोन्ही नर कल्ल्यांची झाकणं फुलवून काचेला भिडतात. हे पाहून गिऱ्हाईक दोन समजुती घेऊन घरी जातं: हा मासा जात्याच भांडखोर आहे, आणि त्याला ओंजळभर पाणी पुरतं. पहिली समजूत अर्धीच खरी. दुसरी साफ चुकीची, आणि तिच्यापायी हे देखणे मासे हकनाक मरतात.

फायटर, म्हणजे बेट्टा स्प्लेंडेन्स, हा मूळचा थायलंडचा. भातखाचरं, दलदली, गवताने भरलेले चर अशा उथळ आणि संथ पाण्यात तो राहतो. लांबी जेमतेम 6 ते 7 सेंटिमीटर. तरंगत्या पानाच्या आडोशाला नर तोंडातल्या चिकट स्रावात घोळवलेल्या बुडबुड्यांचं घरटं बांधतो. मादीने सोडलेली अंडी खाली बुडू लागली की तो ती तोंडात झेलतो आणि वर नेऊन बुडबुड्यांत बसवतो. त्यानंतर तो मादीलाही हाकलून लावतो, कारण अंडी खाल्ली जाण्याची भीती असते. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात, पण पिल्लं नीट पोहू लागेपर्यंत पहारा सुटत नाही. एखादं पिल्लू निसटून खाली गेलं तर बाप ते तोंडात धरून परत जागेवर आणतो. त्याची हद्द म्हणजे हे घरटं आणि भोवतालचं थोडं पाणी. ज्याला आपण भांडखोरपणा म्हणतो, त्याच्या मुळाशी ही राखण आहे.

ही राखण आंधळी नसते. कल्ल्यांची झाकणं फुलवली की कल्ल्यांतून पाणी नीट खेळत नाही, म्हणजे धमकी देताना माशाला श्वासाची किंमत मोजावी लागते. जो जास्त वेळ फुलवून राहू शकतो त्याच्या अंगात खरंच दम असतो, आणि समोरचा ते ओळखतो. 1998 मध्ये रुई ऑलिव्हेरा, पीटर मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. दोन नरांची झुंज तिसऱ्या नराला एकतर्फी काचेतून पाहू दिली. नंतर त्याची गाठ त्याच जेत्याशी घातली तेव्हा तो सावधपणे, उशिरा पुढे आला. ज्याची झुंज पाहिलीच नव्हती, अशा जेत्यासमोर ही सावधगिरी दिसली नाही. एवढासा मासा दुसऱ्यांचं भांडण पाहून धडा घेतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

खाचरात हरलेला नर गवतात शिरून दूर निघून जातो आणि प्रकरण मिटतं. काचेच्या पेटीत त्याला जायला जागाच नसते. जिंकलेल्याला मात्र शत्रू अजून हद्दीतच दिसतो, म्हणून तो चावत राहतो. त्यात माणसाने भर घातली. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार माणूस या माशाला किमान 1000 वर्षं पाळत आला आहे, आणि झुंजींसाठी चिवट नर निवडून पैदास झाली आहे. थायलंडने 2019 मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला.

आता बरणीबद्दल. आपल्याकडच्या मरळीसारखाच फायटरही वर येऊन हवेतला श्वास घेतो. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत त्यासाठी घड्याघड्यांचं खास इंद्रिय असतं. म्हणून कमी ऑक्सिजनच्या पाण्यात तो तगतो. पण त्याच्या शरीरातला अमोनिया पाण्यातच उतरतो, आणि हा अमोनिया कल्ले जाळतो. एक लिटरच्या बरणीत तो झपाट्याने साचतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वसाहत नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पेटी आधी तयार करावी आणि मासा नंतर आणावा.

45 × 25 × 25 सेंटिमीटरच्या पेटीत 28 लिटर पाणी मावतं. एका फायटरला ती छान होते. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर घ्या. जोरदार प्रवाहात लांब पर सांभाळत पोहताना मासा दमून जातो. पाणी 25 ते 27 अंश हवं. मुंबईत फारशी अडचण येत नाही, पण नाशिक-नागपूरच्या थंडीत थर्मोस्टॅट असलेला हीटर लागतोच. आठवड्याला पाव भाग पाणी बदला आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढा. पेटीला झाकण हवं, कारण हा मासा उडी मारतो. पाणी आणि झाकण यांच्यात मात्र हवेची मोकळी जागा सोडा.

खोलीत अंधार आणि पेटीत दिवा असला की आतल्या बाजूने काचेचा आरसा होतो. मग फायटर स्वतःच्याच प्रतिबिंबावर तासन्‌तास फुलत राहतो. मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून गडद कागद लावा आणि खोलीतला दिवा मालवताना पेटीतलाही मालवा. पानांची दाटी अशी करा की एका टोकापासून दुसरं टोक दिसू नये. नजरेला अडसर झाला की पाठलागही तुटतो.

सोबती हवेतच असं नाही, एकटा फायटर मजेत राहतो. दोन नर एकत्र कधीच नकोत. माद्याही आपसांत भांडतात. डासांच्या अळ्या खातो म्हणून घरोघरी माहीत असलेला गप्पी निरुपद्रवी वाटतो, पण त्याच्या नराची रंगीत, झुबकेदार शेपटी फायटरला चिथावते. टायगर बार्ब तर उलट फायटरचेच पर कुरतडतात. गोगलगायी बहुतेक वेळा चालतात. जास्त मोठी पेटी असेल तर तळाशी वावरणाऱ्या कोरिडोरससारख्या शांत माशांचा छोटा थवाही जमतो. त्यांना सोडण्याआधी झाडं आणि दगड यांच्या जागा बदला. ओळखीच्या खुणा हलल्या की फायटरला हद्द नव्याने आखावी लागते, आणि तेवढ्या वेळात नवख्यांना आसरा सापडतो. पहिला तासभर लक्ष ठेवा. पाठलाग थांबतच नसेल किंवा कुणाचे पर फाटलेले दिसले, तर त्याच दिवशी दोघांच्या पेट्या वेगळ्या करा.