उतारवयातील स्नायूंचा असमतोल

निपाणीत विड्या वळणारी स्त्री मांडीवर सूप घेऊन, पाठ वाकवून तासन् तास बसते, तर चिकोडी-अथणीच्या शिवारातला ऊसतोड कामगार एकाच हाताने कोयता चालवत सतत एकाच बाजूला वाकतो. अशा कष्टांनी शरीर काटक होते, मात्र सगळीकडे सारखे नाही. सतत पुढे झुकून बसल्याने छातीचे व जांघेचे स्नायू आखडतात, आणि दोन खांद्यांच्या फऱ्यांमधले व नितंबांचे स्नायू कामाविना दुर्बळ राहतात. थोडीफार विषमता प्रत्येकातच असते व ती दुखतेच असे नाही. वय वाढू लागले की मात्र तिच्याकडे लक्ष द्यायला हवे.

तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. या ऱ्हासाला आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. ताकद तर वस्तुमानापेक्षाही लवकर उतरते, कारण स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशीही कमी होत जातात. सर्वाधिक झीज होते ती जलद आकुंचन पावणाऱ्या तंतूंची, म्हणजे बांधावर ठेच लागल्यावर क्षणात तोल सावरणाऱ्या तंतूंची. जो स्नायू आधीच दुबळा आहे, त्याच्याकडे अशा वेळी शिल्लक काहीच नसते.

ही ताकद बऱ्याच अंशी परत मिळवता येते. बोस्टनमध्ये मारिया फियातारोन व सहकाऱ्यांनी एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या रहिवाशांकडून आठ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीची वाढ प्रामुख्याने चेतासंस्थेची असते, म्हणजे आहे तोच स्नायू मेंदू अधिक पूर्णपणे वापरू लागतो.

आपल्या भागात व्यायाम म्हटले की तालमीतले जोर-बैठका आठवतात, आणि ते उत्तमच आहेत. परंतु जोर मुख्यतः छाती व दंडांना आणि बैठका प्रामुख्याने मांड्यांना काम देतात. तालमीत दोरावर चढणे आणि फावड्याने हौद्याची माती उकरणे यांतून पाठीला ओढण्याचे काम मिळत असे. घरी फक्त जोर-बैठका मारणाऱ्याचे नेमके तेच राहून जाते. नुसत्या चालण्यानेही ही उणीव भरून निघत नाही. म्हणून खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून तो कोपर मागे नेत ओढणे, उताणे झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे आणि हात न टेकता खुर्चीवरून उठणे यांची जोड आठवड्यातून किमान दोन दिवस द्यावी. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा सरावही आठवड्यातून किमान तीन दिवस करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. एका पायावर उभे राहून, जवळ आधार ठेवून, दोन्ही बाजूंची तुलना करावी. सुरुवात दुबळ्या बाजूने करावी आणि तिला जितक्या वेळा व्यायाम जमेल तितक्याच वेळा तो बळकट बाजूने करावा. भार हळूहळू वाढवावा. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा ठिसूळ हाडे असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे.

एक फरक मात्र घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा. हा असमतोल वर्षानुवर्षे साचत येतो. उलट एका बाजूचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो अर्धांगवायू असू शकतो, आणि तेव्हा व्यायामाचा विचार न करता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.