हिमॅन्जिओमा की कॅन्सर? घड्याळ लावून बघा

हिमॅन्जिओमा तुम्हाला माहीत आहे असं धरतो. लिव्हरमधली रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ; सोनोग्राफीत पांढरी, कडा रेखीव, बहुधा ३ सेंटिमीटरच्या आतली. पित्ताशयाचे खडे बघायला गेलात आणि ही सापडली, इतकंच.

वैताग येतो तो पुढच्या वाक्याचा: ‘पांढरी आहे, म्हणजे हिमॅन्जिओमाच.’ लहान एचसीसी, म्हणजे लिव्हरमध्येच सुरू होणारा कॅन्सर, त्यात चरबी असली की तोही पांढराच दिसतो. म्हणून गाठीआधी भोवतालचं लिव्हर बघा. सिरॉसिस (लिव्हर व्रणांनी कडक होणं) असेल तर ‘पांढरी’ या शब्दाला माझ्या लेखी शून्य किंमत. रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा कलर डॉप्लरही फारसा कामाचा नाही. हिमॅन्जिओमातलं रक्त इतकं संथ, की बहुतेकदा रंग उमटतच नाही, आणि लहान एचसीसीत तो दिसेलच असंही नाही.

मग काँट्रास्ट सोनोग्राफी: शिरेतून काँट्रास्ट सोडायचं आणि गाठ कशी उजळते ते बघायचं. (‘किडनीला त्रास होईल ना?’ नाही हो. सीटीचं आयोडीन वेगळं. हे सल्फर हेक्साफ्लोराइड वायूचे सूक्ष्म बुडबुडे. वायू श्वासावाटे निघून जातो.)

खरी गफलत इथे होते. सगळे पहिली ३० सेकंदं डोळ्यांत तेल घालून बघतात: गाठ भरते कशी? नेहमीचा हिमॅन्जिओमा कडेने ठिपक्याठिपक्यांनी भरत आत जातो, गणपतीच्या आदल्या संध्याकाळी मंडई भरते तसा. एचसीसी धमनीच्या रक्तावर पोसलेला, एकदम उजळतो. पण लहान हिमॅन्जिओमाही कधीकधी एका झटक्यात पूर्ण उजळतो! तिथे पहिल्या ३० सेकंदांवर निकाल देणारा फसला. विचारायचं ते हे, की आलेले बुडबुडे टिकतात की जातात. हिमॅन्जिओमात ते टिकतात. गाठ शेजारच्या लिव्हरइतकी किंवा जास्तच उजळ राहते. एचसीसी हळूहळू फिकट पडतो, तेही ६० सेकंदांनंतर, कधी चौथ्या-पाचव्या मिनिटाला. दुसऱ्या मिनिटाला प्रोब उचललात तर हे दिसणारच नाही. उलट प्रोब सतत गाठीवर रोखून धरलात तर अल्ट्रासाउंडनेच बुडबुडे फुटतात आणि बिचारा हिमॅन्जिओमा ‘वॉशआउट’ झाल्यासारखा, म्हणजे फिकट पडल्यासारखा दिसतो. पहिल्या मिनिटानंतर थांबून-थांबून, क्षणभरच बघायचं.

दुसरीकडून पसरलेला कॅन्सर सोपा: बहुधा ६० सेकंदांच्या आत काळाठिक्कर. म्हणून रिपोर्टात नुसतं ‘वॉशआउट आहे’ लिहिलेलं मला चालत नाही. कितव्या सेकंदाला, किती, ते लिहा. आणि काही एचसीसी फिकट पडतच नाहीत. सिरॉसिस असलेल्याला ‘टिकलंय’ म्हणून घरी पाठवू नका, एमआरआय करा.

पाच मिनिटं झाल्याशिवाय मी तपासणी संपवत नाही. बाहेरची रांग कुरकुरते. कुरकुरू दे.