लहान मुलांसोबत घरी केलेलं भेटकार्ड

साधारण दोन ते सहा वर्षांच्या मुलाने मोठ्यांच्या मदतीने केलेलं आणि नंतर घरच्यांनी जपून ठेवलेलं कार्ड. पुण्यात याचा सीझन म्हणजे संक्रांत, राखी, दिवाळीची सुट्टी, आणि आजी-आजोबांचे वाढदिवस तर वर्षभर असतातच.

कागद जाड हवा, २०० ते २५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डशीट अप्पा बळवंत चौकात सुटा मिळतो. खरंच टिकवायचं असेल तर हातकागद घ्या. शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे, हा कागद सुती चिंध्यांच्या लगद्याचा असतो त्यामुळे वर्तमानपत्रासारखा पिवळा पडत नाही. आणि काटकसरवाले काय करतात तर जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू वापरतात, ती पण मस्त चालते, फक्त मागे कोणाचं तरी "सहकुटुंब सहपरिवार" दिसत राहतं.

छापकामाला भेंडी सगळ्यात भारी, आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयार. अंगठ्याच्या ठशाला चोच आणि पाय काढले की चिमणी. तळहाताचा ठसा घ्यायचा तर हात रंगात बुडवू नका, ब्रशने पातळ पोस्टर कलर लावा, नाहीतर रेषा दिसत नाहीत नुसता डाग येतो. चिकटवायला मैद्याची खळ चालते पण तिला कसर (कागद खाणारी बारीक कीड) लागते.

दोन-अडीच वर्षाचं मूल रेघोट्याच मारणार, चौथ्या वर्षाच्या आसपास माणूस येतो पण त्याचे पाय थेट डोक्यातून फुटलेले असतात. इथेच आईबाबांचा हात शिवशिवतो!! ते दुरुस्त केलं की कार्ड आईचं झालं, मुलाचं नाही. त्यापेक्षा मागे पेन्सिलने तारीख, वय आणि मूल काय म्हणालं ते लिहा, आमच्याकडे एकावर "हा हत्ती नाहीये, आबा आहेत" असं आहे, ते लिहिलं नसतं तर आज कोणालाच कळलं नसतं.

पेन्सिल आणि मेणाचे खडू वर्षानुवर्ष राहतात, स्केचपेन फिकट होतं आणि हळदीचा पिवळा तर उन्हात पार उडतो. ग्लिटर फक्त घरभर टिकतं. लॅमिनेशन करू नका, एकदा केलं की निघत नाही. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बुरशी धरते म्हणून पत्र्याच्या डब्यात, मधे कोरे कागद घालून ठेवायचं आणि गणपतीनंतर ऊन पडलं की एकदा काढून सावलीत वारं द्यायचं.